दोन एकरांची पाणथळ जागा पुन्हा ओली करताना : इगतपुरी तालुक्यातील कामाच्या नोंदी

१८ जानेवारी : जागा

जागा इगतपुरी तालुक्यात, दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात आहे. क्षेत्र साधारण दोन एकर असून वरच्या उतारावरून झिरपणारे पाणी येथे पूर्वी वैशाखापर्यंत टिकत असे आणि जनावरे त्यात रुतत, असे गावातील वयस्कर मंडळी सांगतात. सुमारे तीस वर्षांपूर्वी भातानंतर हरभरा आणि मसूर घेता यावा म्हणून पट्ट्याच्या मधोमध एक मोठा चर आणि त्याला मिळणारे दोन लहान चर खोदून पाणी खालच्या नाल्यात सोडण्यात आले. काही वर्षे हरभरा बरा आला. पुढे वरची काळी, भुसभुशीत माती दरवर्षी थोडी थोडी बसत गेली, उत्पन्न घटले, जमीन पडीक पडली. चर मात्र अजूनही प्रत्येक पावसाळ्याचे पाणी दिवाळीच्या आत बाहेर काढून देतो.

हे चर बुजवून जमिनीतील पाण्याची पातळी पुन्हा वर आणायची, एवढेच काम आहे. पद्धत मात्र आम्ही पीटच्या जमिनींकडून घेतली आहे. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात राहिल्याने पुरत्या न कुजलेल्या वनस्पतींचा थर. नाशिकच्या रोपवाटिकांत ‘पीट मॉस’ म्हणून जी पोती येतात ती अशाच जमिनी खरवडून भरलेली असतात. जगाच्या भूभागापैकी या जमिनी जेमतेम ३ टक्के आहेत, परंतु सगळ्या जंगलांतील झाडझाडोऱ्यात मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक त्यांच्यात साठलेला आहे. चर खोदून पाणी काढले की थरात हवा शिरते, थर कुजू लागतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. इंग्लंडमधील होम फेन या पीटच्या जमिनीत १८५१ मध्ये एक लोखंडी खांब माथा जमिनीलगत येईल असा ठोकला होता. आज तो सुमारे ४ मीटर उघडा दिसतो. खांब वर आलेला नाही, जमीन खाली गेली आहे.

आमची जागा पीटची नाही, हे येथेच लिहून ठेवतो. भारतात पीट निलगिरीच्या उंच पठारांवरील दलदलींत सापडते. आमच्या काळ्या थराचा नमुना माती परीक्षणाला दिला तेव्हा सेंद्रिय कर्ब ३.८ टक्के निघाला, तर शेजारच्या भातखाचराच्या मातीत १.१ टक्के. हा थर पाऊण मीटरपर्यंत आहे आणि त्याखाली मुरूम लागतो. पीटशी तुलना करता हे काहीच नाही, परंतु चर, कोरडी पडणारी काळी माती आणि बसत जाणारी जमीन ही साखळी तीच आहे, आणि ती तोडण्याची रीतही तीच लागू पडावी, असा आमचा होरा आहे.

२ फेब्रुवारी : संमती

सातबाऱ्यावर तीन भावांची नावे आहेत. तिघांची संमती मुद्रांकावर लिहून घेतली, कारण जमीन पडीक असली तरी तिच्यात कोणी काही करू लागले की ती एकाएकी मोलाची वाटू लागते. वरच्या अंगाला ज्यांचे खाचर आहे त्या काकांची अडचण अधिक खरी होती. चर अडवला की पाणी मागे तुंबून त्यांच्या बांधाला लागेल, बांध फुटेल आणि लावणी वाहून जाईल, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. "माझ्या बांधाला पाणी लागलं तर मी पहार घेऊन येईन, मंग मला बोलू नका," असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले.

त्यांच्या बांधाच्या तळापासून वीतभर खाली एक खुंटी ठोकली, तिला तांबडा रंग दिला आणि पाणी या रंगाला शिवणार नाही असे लिहून दिले. अशा कामाला हात घालणाऱ्यांनी ही खुंटी नकाशे काढण्याच्या आधी ठोकावी. पुढची सारी मोजमापे आम्ही तिच्यापासूनच घेतली.

१८ फेब्रुवारी : लेव्हल

गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेऊन चराच्या तळाची लेव्हल काढली. नळीत एखादा जरी बुडबुडा राहिला तरी वाचन दोन-तीन सेंटिमीटरने चुकते आणि या कामात तेवढी चूक परवडत नाही. म्हणून पाण्यात थोडा रंग कालवला आणि दर वाचनापूर्वी नळीची दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समपातळीत येते का ते पाहिले. मोठा चर ११० मीटर लांब आहे आणि तेवढ्या अंतरात तो १.३ मीटर उतरतो.

एका स्नेही अभियंत्याने खालच्या टोकाला एकच पक्का काँक्रीटचा बांध घालण्याचा सल्ला दिला होता. त्याने खालच्या कोपऱ्यात तळे झाले असते आणि वरचा अर्धा पट्टा पूर्वीसारखाच कोरडा राहिला असता. आम्हाला साठा नको आहे, पट्टाभर पाणी जमिनीच्या पृष्ठभागाजवळ हवे आहे. त्यासाठी चरात थोड्या थोड्या अंतरावर लहान बांध घालावे लागतात, आणि प्रत्येक बांधाचे पाणी मागे सरकत वरच्या बांधाच्या पायथ्याला जाऊन टेकावे लागते. दर बांधाला १५ सेंटिमीटरचा उतार धरला तर मोठ्या चरात नऊ बांध होतात. लहान उंचीचा आणखी एक लाभ असा की बांधाच्या दोन बाजूंच्या पाण्यात फरक कमी राहतो, त्यामुळे झिरपण्याचा जोरही कमी असतो.

१० मार्च : नळ्या आणि सळया

पाण्याची पातळी मोजण्यासाठी पाच ठिकाणी दोन इंची पीव्हीसी नळ्या उभ्या पुरल्या. नळीला तापवलेल्या सळईने भोके पाडली आणि बाहेरून कापड गुंडाळले. पहिल्यांदा वापरलेले सुती कापड थोड्याच दिवसांत कुजू लागले आणि गाळ आत आला. आता जुन्या नायलॉन साडीचे दोन पदर आहेत आणि ते टिकले आहेत. नळीच्या तळाशी बूच आणि वर टोपण हवेच, नाहीतर बेडूक आत पडतात आणि पुढची वाचने त्यांची असतात.

आत पाणी किती खोल आहे हे दिसत नाही. त्यासाठी सलाईनसारखी बारीक नळी खुणा करून आत सोडायची आणि दुसऱ्या टोकाने हलके फुंकत राहायचे. बुडबुड्याचा आवाज आला की तेथे पाणी. पीटच्या जमिनींवर काम करणारे लोकही असेच करतात. आजची वाचने जमिनीखाली ७० ते ८५ सेंटिमीटर अशी आहेत आणि खालच्या टोकाची नळी कोरडी आहे.

प्रत्येक नळीशेजारी एक साधी लोखंडी सळईही पुरली आहे. सळई रंगवलेली किंवा जस्त चढवलेली नसावी, पॉलिश पेपरने घासून लखलखीत करून घ्यावी. ज्या खोलीपर्यंत मातीत हवा असते तेथपर्यंत तिच्यावर तांबडा गंज चढतो, आणि जेथे पाणी कायम राहून हवा पोहोचत नाही तेथून खाली ती करडी-काळी राहते. रोज कोणी मोजायला नसले तरी गंजाची रेघ वर्षभराचा साधारण हिशेब सांगते, आणि हा खर्च सळईमागे तीस-चाळीस रुपयांचा आहे.

२० एप्रिल : बांध

जेसीबी ताशी तेराशे रुपयांनी मिळत होता आणि काम लवकर उरकले असते, परंतु यंत्राच्या चाकांखाली ही भुसभुशीत माती दाबली गेली की तिची पाणी धरण्याची जागाच नाहीशी होते. त्यामुळे सगळे काम फावडे, घमेले आणि धुमसावर केले. बांधाची रीत अशी ठेवली : चराचा तळ गाळ व मुळ्या काढून कठीण थर लागेपर्यंत साफ करायचा, दोन्ही काठांत सुमारे दोन फूट आत खाच मारायची, मधोमध दीड फूट रुंदीचा काळ्या चिकणमातीचा गाभा चार-चार बोटांच्या थरांनी चोपत वर आणायचा, आणि दोन्ही अंगांना मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वीटकामासारख्या सांधे चुकवून रचायच्या. वनराई बंधारा ज्यांनी घातला आहे त्यांना गोण्यांचे काम ठाऊक असते. फरक आहे तो गाभ्याचा आणि काठातील खाचेचा.

चिकणमाती किती ओली हवी, हे कामावरच्या एका मावशींनी सर्वांना दाखवले. त्या मुठीत माती दाबून गोळा करीत आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकीत. गोळा दोन-तीन तुकड्यांत फुटला तर माती योग्य, चुरा झाला तर कोरडी, चिकटून चपटा झाला तर फार ओली. भर उन्हात ट्रॉलीतील माती दुपारपर्यंत वाळत असे, म्हणून तिच्यावर ओले पोते टाकून ठेवावे लागले.

खर्च असा झाला. काळी माती सहा ट्रॉल्या, वाहतुकीसह बारा हजार रुपये. साडेपाचशे गोण्या, सहा रुपये नगाप्रमाणे तेहतीसशे. मजुरी अडतीस हजार. नळ्या, सळया, सुतळी आणि किरकोळ मिळून साडेचार हजार. गोण्या शहरातील बांधकामांवर फुकटही मिळतात, पण त्या तळाशी फाटलेल्या असतात आणि त्यांना टाके घालण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात नव्या विकत आणून होतात.

२६ मे : ऊन

महिनाभराच्या उन्हात वरच्या थरातील गोण्यांचा प्लास्टिकचा धागा विरू लागला आहे. बोटाने दाबले तरी गोणी फाटते आणि माती ओघळते. पावसाच्या तोंडावर हे लक्षात आले म्हणून बरे. नाल्याकाठचे लव्हाळ्याचे गड्डे मुळांसकट आणून सगळ्या बांधांचे माथे आणि उघड्या बाजू झाकून घेतल्या. गोणी पहिल्या वर्षापुरती मातीला आकार देते, त्यानंतर बांध धरून ठेवायचा तो मुळांनी. प्लास्टिकचे तुकडे नाल्यात जाऊ नयेत म्हणूनही हे आवरण आवश्यक आहे. पुढच्या कामात पाण्याच्या रेषेवरच्या दोन थरांना तागाची पोती वापरावीत, असे ठरले आहे.

१५ जून : वलगण

पहिला मोठा पाऊस झाला आणि त्याच रात्री सर्वांत खालचा बांध मधोमध फोडलेला आढळला. खोडसाळपणा नव्हता. पहिल्या पुरात मासे नाल्यातून वर चढतात, त्या वलगणीच्या वाटेवर आम्ही बांध घातला होता, आणि तो चर गेली तीस वर्षे गावातील काही घरांची मासे धरायची जागा होती. संमती घेताना जमिनीच्या मालकांना विचारले गेले. चरात टोपली लावणाऱ्यांचे नाव सातबाऱ्यावर नसते.

त्या घरांतील दोघांना बोलावून खालच्या बांधाचा सांडवा, म्हणजे जादा पाणी जाण्याची वाट, त्यांच्याकडूनच पुन्हा बांधून घेतला. त्यांनी तो दगड लावून पायऱ्या-पायऱ्यांचा केला, जेणेकरून मासा उडी मारत वर जाऊ शकेल आणि कडेला टोपलीही बसेल. त्या जागेवर पुन्हा कोणी हात लावलेला नाही. मजुरी व दगड मिळून अठ्ठावीसशे रुपये लागले.

२९ जून : खेकडे

चौथ्या आणि सहाव्या बांधाच्या खालच्या अंगाला गढूळ पाण्याच्या धारा सुरू झाल्या. पाणी स्वच्छ झिरपत असेल तर काळजीचे कारण नसते. गढूळ येऊ लागले की ते आतली माती घेऊन येत आहे. वरून बांध अगदी शाबूत दिसत होता. एका गोणीखाली हात घातला तेव्हा मूठ सहज आत जाईल एवढे बीळ लागले, आणि ते तिरके जात गाभ्याच्या पार पोहोचले होते.

भाताच्या बांधांना खेकडे बिळे पाडतात हे इकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. आम्ही ज्या परदेशी माहितीपत्रकांवरून बांधाची आकृती घेतली होती त्यांत खेकडा नव्हता. मऊ, ओली, वरून झाकलेली चिकणमाती त्याला याहून सोयीची कोठे मिळणार! बिळात माती कोंबून उपयोग होत नाही, तो शेजारून दुसरे बीळ काढतो. उपाय गावातूनच आला : गाभ्याच्या वरच्या अंगाला मुरूम आणि बारीक खडीचा वीतभर जाडीचा पडदा भरायचा. खडीत बीळ टिकत नाही, ते ढासळते. नऊपैकी पाच बांधांना हा पडदा भर पावसात भरावा लागला, म्हणजे वरच्या अंगाच्या गोण्या काढून, खडी घालून, पुन्हा रचून. एप्रिलमध्ये केले असते तर निम्म्या वेळात झाले असते. खडी आणि मुरुमासाठी पाच हजार, मजुरी सात हजार.

१९ जुलै : काठ कापला गेला

तिसरा बांध जागच्या जागी उभा आहे आणि पाणी त्याच्या डाव्या बाजूने नवी वाट काढून निघून गेले आहे. काठात मारलेल्या खाचेच्याही पलीकडून सुमारे तीन फूट रुंदीची घळ पडली, तिची माती दुसऱ्या बांधावर जाऊन साचली, आणि त्या दोन बांधांमधील पट्ट्यातली पातळी एका रात्रीत अर्ध्या मीटरने उतरली.

कारण पावसाच्या साध्या हिशेबात आहे. इगतपुरीचा वार्षिक पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, नाशिक शहराच्या कितीतरी पट. आमच्या पट्ट्यावर उतरणारा पाणलोट सुमारे ६ हेक्टरांचा आहे. तासाला ४० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि जमीन आधीच तुडुंब असल्याने तो सगळा वाहिला, तर तासाभरात २,४०० घनमीटर पाणी येते. म्हणजे सेकंदाला साडेसहाशे लिटरांहून अधिक. बांधाच्या माथ्यावर मध्यभागी ठेवलेला दोन फुटी सांडवा एवढे पाणी सोडू शकत नाही. ते बाजूला पसरते, आणि जेथे मोकळी, उकरलेली माती सापडते तेथे कापत जाते. काठातील खाच मारताना जी माती सैल झाली होती तीच सर्वांत आधी गेली.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. पहिल्या टप्प्यात घळ खडी, चिकणमाती आणि दगडी पिचिंगने भरली. दुसरा टप्पा अधिक महत्त्वाचा : प्रत्येक बांधाचा माथा चराच्या काठाच्या तळहातभर वर आणला आणि मधला सांडवा बंद केला, म्हणजे मोठ्या पावसाचे पाणी चरात न राहता दोन्ही अंगांना लव्हाळा असलेल्या जमिनीवर पसरते आणि तेथून पातळ थराने खाली सरकते. गवताळ जमिनीवरून पसरून जाणारे पाणी हळू जाते. चरात कोंडलेले पाणी पुन्हा चरच खोदते. खालचा मासेवाला सांडवा तेवढा तसाच ठेवला. हे करताना तांबड्या खुंटीवर सतत लक्ष ठेवले. वरच्या तीन बांधांचे माथे त्यामुळे ठरल्यापेक्षा थोडे कमी ठेवावे लागले आणि वरचा कोपरा इतरांपेक्षा कोरडा राहणार, हे मान्य केले.

या एका घळीला साडेनऊ हजार रुपये लागले. पावसात मजूर लावणीच्या कामावर असतात, त्यामुळे माणसे मिळायला वेळ गेला तो वेगळाच.

११ ऑगस्ट : पाणी किती

गेल्या पंधरवड्यात कामापेक्षा चर्चा अधिक झाली. पट्टा भरलेला पाहून गावात उत्साह आला आणि बांध आणखी फूटभर उंच करावेत, तळे करावे, त्यात मासे सोडावेत, अशी मागणी पुढे आली. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत मोठ्या झालेल्या माणसांना अडवलेले पाणी पुरेसे आहे असे सांगणे कठीण जाते. परंतु या कामात जिरवायचेही नाही आणि साठवायचेही नाही. पावसाळा ओसरल्यावर पाणी जमिनीखाली चार बोटे ते वीतभर या पट्ट्यात शक्य तितके दिवस रेंगाळत ठेवायचे आहे.

त्याचे कारण वासात आणि बुडबुड्यांत दिसते. खालच्या कोपऱ्यात, जेथे गुडघाभर पाणी सतत उभे आहे, तेथे बुडालेले गवत सडले आहे आणि पाय टाकला की बुडबुडे वर येतात. त्यात मिथेन असतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. पीटच्या जमिनी ओल्या करतानाही मिथेन वाढतो. तरीही तेथे ते काम फायद्याचे ठरते, कारण मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो, तर कोरड्या पीटमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड दरवर्षी साचत जातो. पण उघडे, उभे पाणी ठेवून मिथेन वाढवण्यात कोणताही शहाणपणा नाही.

पाणी जास्त झाल्याने काय बिघडते, याचे भारतातील उदाहरण मणिपूरच्या लोकताक सरोवराचे आहे. तेथील फुमदी, म्हणजे वनस्पती, मुळ्या आणि कुजकट माती यांचे तरंगते थर, उन्हाळ्यात पाणी उतरले की तळाला टेकत आणि मुळे तळातील अन्न घेत. १९८३ मध्ये इथाई बॅरेज हा बंधारा झाल्यावर सरोवराची पातळी वर्षभर उंच राहू लागली, फुमदी तळाला टेकेनाशी झाली आणि पातळ होत गेली. संगाई हरणाचे राहण्याचे ठिकाण असलेले केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान याच थरांवर उभे आहे. ग्रामसभेत हे सांगितल्यावर तळ्याची मागणी मागे पडली, निदान या हंगामापुरती.

खालच्या दोन बांधांतून चार इंची पीव्हीसी नळी आरपार घालून वरच्या तोंडाला कोपरा (एल्बो) बसवला. कोपरा सिमेंटने चिकटवायचा नाही, फक्त ग्रीस लावून बसवायचा. तो उभा केला की पाणी त्याच्या तोंडापर्यंत राहते, तिरका केला की तेवढे उतरते. पहिल्या नळीच्या बाहेरून, नळी आणि चिकणमाती यांच्या सांध्यातून, पाणी वाहू लागले. म्हणून दुसरीच्या मध्यावर टायरच्या ट्यूबची चौकोनी पट्टी घट्ट बसवून तिच्याभोवती माती चोपली आणि नंतर पहिलीलाही तसेच केले. दोन्हींना मिळून एकवीसशे रुपये. पालापाचोळ्याने तोंड बुजते, म्हणून त्यावर जाळीची टोपली अडकवली आहे.

६ ऑक्टोबर : वाचने

पाऊस थांबून थोडे दिवस झाले आहेत. पाचपैकी तीन नळ्यांत पाणी जमिनीखाली ८ ते १४ सेंटिमीटरवर आहे, वरच्या कोपऱ्यातल्या नळीत ३१ वर, आणि चराच्या अगदी जवळच्या नळीत ९ वर. गेल्या वर्षी याच सुमारास चराजवळ पाणी किती होते याचे मोजमाप आमच्याकडे नाही. जे हे काम करणार असतील त्यांनी बांध घालण्याआधी किमान एक संपूर्ण वर्ष नुसत्या नळ्या लावून मोजावे. बांध थांबू शकतात, गेलेले वर्ष परत मोजता येत नाही.

७ डिसेंबर : टनांचा आकडा

एका कंपनीच्या सामाजिक निधीतून मदतीची तयारी दाखवण्यात आली, मात्र प्रस्तावात ‘किती टन कार्बन वाचला’ हा रकाना भरणे सक्तीचे होते. आम्ही तो भरला नाही आणि प्रस्ताव तेथेच थांबला. त्यामागचा हिशेब येथे देतो.

ब्रिटन व युरोपातील पीटच्या जमिनींवरील मोजमापांवरून २०२१ मध्ये असे मांडले गेले की निचरा केलेल्या पीटमधील पाण्याची पातळी दर १० सेंटिमीटरने वर आणली तर हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतका उष्णतेचा भार कमी होतो, आणि पाणी जमिनीखाली ३० सेंटिमीटरवर येईपर्यंत हे प्रमाण धरता येते. आमची जागा खरोखर पीटची असती आणि पातळी ३० सेंटिमीटरने चढली असती, तर पाऊण हेक्टरांहून थोड्या अधिक क्षेत्रावर वर्षाला सुमारे ७ टन आले असते. एक लिटर डिझेल जाळल्यावर साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे २,६०० लिटर डिझेलच्या आसपास झाले. आकडा लहान नाही. परंतु ४ टक्क्यांहून कमी कर्ब असलेल्या मातीला पीटचा गुणक लावणे म्हणजे भाताच्या खाचराला द्राक्षबागेचा भाव सांगण्यासारखे आहे. येथे किती वाचते हे मोजायचे तर हवेच्या पेट्या लावून वायू मोजावे लागतील, आणि ते आमच्या आवाक्याबाहेर आहे.

मोठे क्षेत्र असते तेथे हा आकडा किती गंभीर होतो, हे इंडोनेशियाकडे पाहून कळते. २०१५ मधील पीटच्या आगींनंतर जानेवारी २०१६ मध्ये तेथील सरकारने पीट पुनर्स्थापनेसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. पीटवरील लागवडींत पाणी जमिनीखाली ४० सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये असा नियम तर २०१४ मध्येच झाला होता. तेथेही कालव्यांत बांध घालणे हेच मुख्य काम आहे, फक्त त्यांचे कालवे मैलोन्मैल आहेत.

२३ फेब्रुवारी : सळया उपटल्या

सळया बाहेर काढून धुतल्या. बांधांच्या मधल्या पट्ट्यातील तीन सळयांवर तांबडा गंज वरच्या १८ ते २६ सेंटिमीटरपर्यंत आहे आणि त्याखाली त्या काळसर व गुळगुळीत आहेत. वरच्या कोपऱ्यातील सळई मात्र जवळजवळ तळापर्यंत तांबडी आहे. तांबड्या खुंटीची किंमत ती हीच. नळ्यांत आज पाणी ४० ते ५५ सेंटिमीटरवर आहे; गेल्या मार्चमध्ये ते ७० ते ८५ वर होते. दोन वाचने वेगवेगळ्या महिन्यांतील असल्याने फरक नेमका किती हे पुढच्या महिन्यात कळेल.

वनस्पतींत बदल दिसतो, पण तो सरसकट चांगला नाही. मधल्या पट्ट्यात लव्हाळा दाट झाला आणि भाद्रपदात गेंदाची पांढरी गोंडेदार फुले आली, जी गेल्या वर्षी केवळ नाल्याच्या काठी होती. खालच्या कोपऱ्यात, जेथे पाणी उभे होते, तेथे पाणकणसाने जागा बळकावली आहे आणि चराच्या काठी बेशरम रुजू लागली आहे. बेशरमीची तोडलेली फांदी ओल्या मातीवर पडली की तेथेच मुळे धरते, म्हणून ती उपटून नाल्यापासून दूर, दगडावर उन्हात वाळवावी लागते.

एकूण खर्च ८४,२०० रुपयांवर गेला आहे. त्यातील २६,४०० रुपये म्हणजे जवळपास एक तृतीयांश पावसाळ्यातील दुरुस्तीचे आहेत. अंदाजपत्रकात दुरुस्तीसाठी आम्ही दहा टक्के धरले होते.

पावसापूर्वी करावयाची कामे ठरली आहेत. उरलेल्या चार बांधांना खडीचे पडदे भरायचे आहेत. खालच्या दोन्ही नळ्यांचे कोपरे ऑगस्टच्या खुणेपेक्षा १२ सेंटिमीटर खाली ठेवायचे आहेत, म्हणजे उभे पाणी कमी होईल आणि पाणकणीस पुढे सरकणार नाही. दोन लहान चर अजून उघडे आहेत. त्यांपैकी एक तसाच ठेवण्याची विनंती वरच्या काकांनी केली आहे, कारण त्यावर त्यांच्या हरभऱ्याचा वाफसा अवलंबून आहे, आणि ती आम्ही मान्य केली आहे. दुसऱ्या चराची लेव्हल पुढच्या आठवड्यात काढायची आहे, परंतु जुनी नळी उन्हाने कडक होऊन चिरली असल्याने आधी नवी आणावी लागेल.